सत्तेचाळिसावा बुंधा

सत्तेचाळीस नंबर काही सापडेना. तपासणीला आलेल्या बाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. ग्रामसभेचं सागवान पहिल्यांदाच परदेशी निघालं होतं आणि प्रत्येक ओंडक्यावरचा नंबर जंगलातल्या बुंध्यावर दिसलाच पाहिजे, अशी अट होती. एक जरी चुकला, तरी सगळा माल चोरीचा ठरणार होता.

ग्रामसभेची सचिव सुनंदा पुंगाटी पुन्हा एकेक बुंधा पाहत निघाली. गेल्या वर्षीच्या तोडीत सगळे नंबर तिनेच घातले होते. मग हा शेवटचा गेला कुठे?

शेवटचा! तिला खुदकन हसू आलं. “लालसूदादा, तुमचं कुंपण कुठंय?”

शेवटच्या बुंध्याभोवती काट्या रचायच्या, म्हणजे शेळ्या तिथं फिरकत नाहीत, ही गावाची रीत. म्हातारे लालसूदादा मिशीत हसले. “सकाळपासून मला विचारलं का कुणी? तुम्ही मेलेला बुंधा शोधताय, पोरी. तिथं आता झाड आहे!”

काट्यांच्या आत माणसापेक्षा उंच फुटवे डोलत होते. बाईंनी सुपाएवढी पानं बाजूला सारली. मातीलगत ठसठशीत सत्तेचाळीस!

“शेऱ्यात काय लिहू आता?”

“हयात आहे म्हणून लिहा की!” लालसूदादा म्हणाले.

बाई मनापासून हसल्या आणि त्यांनी तसंच लिहिलं. सागाच्या कोवळ्या पानांनी त्यांची बोटं लाल झाली होती. सहीशेजारी बोटांचा लाल ठसा उमटला. सुनंदाने तो पुसू दिला नाही.