कोऱ्या चाचणीतला उंचवटा

गुलाबांच्या खोऱ्यातल्या काझानलक गावच्या प्रयोगशाळेत झ्द्राव्का गुलाबतेल तपासायची. तेलाआधी यंत्रात सुईनं नुसता शुद्ध द्राव सोडायचा, ही कोरी चाचणी. द्राव आत गेल्यावर पडद्यावर उमटणारी रेघ सपाटच यायला हवी. त्या सकाळी रेघेच्या शेवटी एक उंचवटा आला.

तिनं द्राव बदलला, बाटली बदलली. उंचवटा पुन्हा आला, आधीपेक्षा लवकर.

“लाव गं तेल आता,” सोबतचा योव्को वैतागला. “बाहेर पिंपं खोळंबलीत, सगळं खोरं शिव्या घालतंय.”

“घालू दे. रेघ सपाट झाल्याशिवाय मी तेलाला हात लावणार नाही.”

तिनं घटक वेगळे करणारी नळीच काढली आणि पाकीटबंद नवी जोडली. उंचवटा आणखी अलीकडे सरकला.

“झ्द्राव्का, हा जवळ येतोय,” योव्को हळूच म्हणाला.

तिनं सुईत पुन्हा द्राव भरला. सुई अजून तिच्या हातातच होती, यंत्रात काहीच सोडलं नव्हतं, आणि पडद्यावरची रेघ वर चढू लागली.