मूळ पट्टी

"आज सूर खाली उतरवायचा नाही," लॉनी म्हणाला. "मूळ पट्टीतच गाणार."

व्हर्जिलने मांडीवरची गिटार बाजूला ठेवली. स्टेजमागच्या तंबूत ते दोघेच होते. बाहेर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली ही गावजत्रा भर दुपारी तापली होती. नुकतीच डुकरांची स्पर्धा संपली होती आणि त्याच मैदानावर आता त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता.

"लेका, सत्तरी गाठलीस. ती वरची किंकाळी आता कुठून काढणार?"

"याच गावातून निघालो आपण. इथे तरी पाणी घातलेलं गाणं नको."

व्हर्जिलने गिटार पुन्हा उचलली आणि तारा मूळ पट्टीत चढवल्या. एके काळी त्या किंकाळीला अख्खं स्टेडियम उठून उभं राहायचं. मग स्टेडियम गेलं, कॅसिनो आले आणि आता जत्रा. तसतसा व्हर्जिल तारा सैल करत गेला, लॉनीच्या गळ्याला झेपावं म्हणून. लॉनीला ते दर वेळी लागायचं.

स्टेजवर दोन कडवी लॉनीने कशीबशी निभावली. मग त्या किंकाळीची जागा आली. त्याने छाती भरून श्वास घेतला, जीव तोडून सूर लावला आणि आवाज चिरकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्याने झटकन माईक गर्दीपुढे धरला.

"आता तुम्ही!"

गाणं त्यांना तोंडपाठ होतं. टकलं, पांढऱ्या वेण्या, चाकांच्या खुर्च्यांतली माणसं, सगळ्यांनी तोंडं उघडली. मानेच्या शिरा ताणल्या. पण वर काही गेलंच नाही. नुसती घरघर आली आणि मागोमाग कुणाचा तरी खोकला.

लॉनी माईक तसाच धरून उभा राहिला. आपला गळा गेला तरी गाणं यांच्याकडे शाबूत असेल, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्याचे डोळे भरून आले.

पहिल्या रांगेत बँडचा विटका टी-शर्ट घातलेली एक आजी होती. तिने तोंडाशी दोन्ही हात धरून हाक दिली,

"लॉनी, खाली घे रे बाबा! आम्हालासुद्धा झेपत नाही आता!"

लॉनीने व्हर्जिलकडे बघून होकारार्थी मान हलवली. व्हर्जिल गिटारवर वाकला आणि एकेक तार सैल करू लागला. तोवर सगळं मैदान थांबून राहिलं.