साहेबाशी दोन हात

१९८४ साल. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पद्मिनीने जगाच्या इतिहासाच्या वर्गात निबंध लिहिला, 'इंग्रजांनी भारत कसा लुटला'. वाक्य न् वाक्य बाबांच्या तोंडचं. प्रोफेसर मूळचा लंडनचा. त्याने 'एकांगी' असा शेरा मारून सी ग्रेड दिली, आणि अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत तिचे बाबा, त्र्यंबकराव, पेटले.

"दीडशे वर्षं आमच्या छाताडावर बसले, आता अमेरिकेत येऊन माझ्या पोरीला इतिहास शिकवतायत! उद्या सुट्टी टाकतो आणि बघतोच त्याच्याकडे."

"बाबा, प्लीज! इथे कोणाचेच पेरेंट्स कॉलेजात भांडायला येत नाहीत. आय विल डाय!"

"मेलीस तरी चालेल. ग्रेड बदलून आणणार."

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव प्रोफेसरच्या खोलीत शिरले आणि तासाभराने बाहेर पडले ते हसतच. बाहेर तोंड लपवून उभ्या असलेल्या पद्मिनीने विचारलं, "बदलली?"

 

"अगं, काय देवमाणूस आहे! स्वतःच्या हाताने चहा करून दिला, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. आणि खरं सांगू, सी म्हणजे जरा जास्तच दिलीय तुला त्यांनी!"