धोंड्याचा महिना

"अगं, पुरण बाहेर आलं बघ," गंगाधर मास्तर म्हणाले आणि चंद्रिका हसली. कार्ल्याच्या या माहेरघरात ती फार दिवसांनी हसत होती. यंदा श्रावण दोनदा आला होता. उद्या तिचा नवरा जेवायला येणार होता. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पुरणाचे धोंडे वाढायचे, वाण द्यायचं.

"अण्णा, इतक्या गोड पदार्थाला धोंडा का म्हणायचं?"

"महिन्याचंच नाव ते. संस्कृतात अधिकमास, उत्तरेकडे मलमास, कुठे लौंद. एकही देव त्याचा धनी होईना. सगळ्यांनी हिडीसफिडीस केलं, मळ म्हणाले. शेवटी पुरुषोत्तमानं त्याला आपलं नाव दिलं. आपण मात्र धोंडा म्हणून मोकळे!"

बोलता बोलता त्यांची नजर तिच्या सुजलेल्या मनगटावर गेली.

"पडले, अण्णा."

"फार पडतेस," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिगंबर तळेगावहून आला. पोटभर जेवला. मग वाण पाहिलं. "पितळेचं ताट? चांदी मिळाली नाही?" त्यानं ताट भिरकावलं. चंद्रिकेचे केस धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मास्तर धावले, तशी चंद्रिकेची आई इंदिराबाई किंचाळल्या, "अहो, त्यांना हात लावू नका! नारायण आहेत ते!"

मास्तर मध्ये उभे राहिले. "तुम्ही जा, दिगंबरराव. पोर इथं राहील. माझ्या नावानं राहील."

दिगंबरानं पाट्यावरचा वरवंटा उचलला. पहिल्याच घावात मास्तर कोसळले. तो थांबला नाही. धोंड्यांची परात रक्तानं भरली.

आरडाओरडा ऐकून बजरंग पाटील आले, तेव्हा दिगंबर हात धुऊन ओसरीवर बसला होता. "सासरे न्हाणीत पाय घसरून पडले," तो म्हणाला. इंदिराबाईंनी मान खाली घातली.

पाटील चंद्रिकेकडे वळले. "ताई, मास्तर पडलं म्हन्त्यात. व्हय का?"

आईनं तिचा दंड घट्ट धरला. कानाशी पुटपुटली, "हो म्हण, बाई. ते फासावर गेले तर तुझं कुंकू पुसलं जाईल. गेलेला माणूस काही परत येत नाही."

चंद्रिकेनं दंड सोडवून घेतला.

"अण्णा पडले नाहीत, पाटील," ती म्हणाली. "मीही कधी पडले नाही."