कुंपणापलीकडचं पाणी

सासूबाई मोडलेला पाय बरा झाल्यावर तीन महिन्यांनी लेकीकडून परतल्या आणि काठी टेकत थेट बागेत गेल्या. सून घाबरतच त्यांच्या मागोमाग गेली. कुंपणावरच्या वेलीला ती एकदाही पाणी घालायला फिरकली नव्हती. फोनवर मात्र ‘घातलं’ म्हणायची. पण कृष्णकमळ कुंपणभर फुललं होतं! “तुझ्या हाताला गुण आहे गं,” सासूबाई फुलांवर वाकून म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडून शेजारच्या काकूंनी सवयीनं पाण्याचा पाइप वेलीच्या मुळाशी सोडला. हद्दीवरून भांडून सुनेनं त्यांच्याशी अबोला धरला होता. “बघितलंत, सुनेनं कशी जपलीय वेल?” सासूबाईंनी विचारलं. काकूंनी पाइप हळूच मागे ओढला. “हो ना, रोज पाणी घालते.” सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आई, मी खोटं बोलले, पाणी काकूंनीच घातलंय,” ती कशीबशी बोलली. “असू दे,” काकू म्हणाल्या. “वेलच चिवट आहे.”