पेन्सिलीच्या खुणा

खुणा पडलेली अकराच्या अकरा वाक्यं आपली आहेत, हे ग्रंथपालबाईंनी मंडळी यायच्या आधीच बघून ठेवलं होतं.

वाचक मंडळाची रीतच होती तशी. पुस्तक एक, बाई सोडून वाचणारे सहा. ज्याला जे वाक्य आवडेल त्याने त्याच्याशेजारी पेन्सिलीने बारीकशी खूण करायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, ज्या वाक्याला सगळ्यांत जास्त खुणा ते मोठ्याने वाचायचं. मग बाईंनी खोडरबरने सगळं पुसून पुस्तक कपाटात ठेवायचं. पेनने खूण केली तर महिनाभर त्याला पुस्तक बंद. खुद्द हेडमास्तरांचंही झालं होतं.

या महिन्याच्या कादंबरीच्या मागच्या बाजूला लेखिकेचा फोटो होता. केस आखूड, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ, हसणं असं की जणू परदेशातच जन्मली. हिचं वाहतं नाक शाळेत आपण आपल्या फ्रॉकने पुसलंय, हे बाईंना सगळ्यांना सांगायचं होतं. त्याहून मोठंही सांगायचं होतं. ते त्यांच्या पर्समध्ये होतं.

"तीस वर्षं तिकडे राहून इतकं लख्ख आठवतं म्हणजे कमाल आहे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती शिवणकाम करणारी आई बघा ना. तोंडात टाचण्या धरून मापं घेते, आणि गिऱ्हाइकाशी नुसत्या भुवयांनी बोलते!"

"याला म्हणतात स्मरणशक्ती," हेडमास्तर म्हणाले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भुवया त्यांच्या होत्या. म्हणजे त्या आईच्याच, पण पत्रात लिहून कळवल्या होत्या बाईंनी. मशीनच्या पायडलला बांधलेली चिंधी, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं, उन्हाळ्यात खुर्चीला चिकटणारं रेक्झिन, सगळं त्यांनीच कळवलं होतं. आणि ही बया, एक शब्द इकडचा तिकडे न करता! आयत्या पिठावर रेघोट्या.

"स्मरणशक्ती कसली," बाई म्हणाल्या. "पत्रं पाठवून विचारायची."

"कोणाला?"

"असेल कोणीतरी."

"तुम्ही बाई उगाच," हेडमास्तर हसले. "आपल्या गावच्या पोरीचं नाव झालं की आपल्याच नाकाला मिरच्या झोंबतात."

बाईंनी पर्सची चेन उघडली. आत नऊ पत्रं होती, लेखिकेच्या हातची. 'आईची मशीन कुठल्या भिंतीला होती गं? माझं सगळं पुसट झालंय. तू लिही ना, तुला कसं सगळं दिसतं.' नुसती टेबलावर टाकली असती तरी काम झालं असतं. मग बघू म्हणावं कोणाची स्मरणशक्ती.

"थांबा, आधी खुणांचं वाक्य वाचू," बँकेतल्या वहिनी म्हणाल्या. पुस्तक त्यांच्याच हातात होतं.

"वाचा," बाई म्हणाल्या. बरंच झालं. आधी आपलं वाक्य वाचलं जाऊ दे, मग पत्रं. भुवयांचं असेल नाहीतर चिंधीचं. त्या दोन्ही वाक्यांना चार-चार खुणा होत्या.

वहिनी मात्र पुढची पानं उलटत राहिल्या. पार शेवटाकडे गेल्या. ती परदेशातली प्रकरणं बाईंनी उघडलीच नव्हती. तिथे आपलं काय असणार?

"याला सहाच्या सहा खुणा आहेत," वहिनी म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "'आई गेल्याचं सांगायला मैत्रिणीचा फोन आला. ती ऐकतेयस ना, ऐकतेयस ना, म्हणत राहिली. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर टाचण्या सांडल्या असत्या.'"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"त्या मैत्रिणीला काय वाटलं असेल हो?" वहिनींनी विचारलं.

"ती फोन ठेवून म्हणाली असेल, दगड आहे मेली," बाई म्हणाल्या. "आणि तेच सगळ्यांना सांगत फिरली असेल."

"असं लिहिलंय पुढे?"

"नाही. तिला कुठून माहीत असणार."

पर्सची चेन त्यांनी लावून टाकली. हेडमास्तरांनी पुढच्या महिन्याचं पुस्तक सुचवलं, ते कोणालाच पसंत पडलं नाही, आणि मंडळी जिना उतरून गेली.

बाईंनी दिवे आणि पंखा तसेच ठेवले. खोडरबर घेऊन पहिल्या पानापासून बसल्या. भुवया पुसल्या, चिंधी पुसली, खडूची मापं पुसली. अकराही वाक्यं चांगली होती. जिथे होती तिथेच बसून होती, त्या शेवटच्या वाक्यासारखी पुढे कुठे गेली नव्हती, इतकंच. हे त्यांना आज दिसलं आणि मनापासून राग आला. स्वतःचा आला असता तर बरं, पण तिचाच आला. आपण शेजारच्या घरात राहिलो, ती माऊली गेली तेव्हा उशाशी आपण होतो, टाचण्या रोज आपण बघितल्या. आणि हे वाक्य हिला सुचावं!

शेवटी ते पान आलं. सहा खुणा एकाखाली एक. खोडरबर तिथे टेकला आणि तसाच राहिला.

"मेली," बाई म्हणाल्या. "हे मात्र मला विचारलं नाहीस."

मग त्यांनी पर्समध्ये, पत्रांच्या खाली हात घातला, पेन काढलं आणि सातवी खूण केली.