पदकावरचा मुकुट

खंडेनवमीला नांगराच्या फाळाशेजारी पणजोबांना मिळालेलं चांदीचं पदक पूजेला मांडायचं, ही पिरनवाडीच्या त्या घरातली रीत. पदकावर राजा. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड.

गेल्या वर्षी राजदंड दिसेनासा झाला.

"चिंचेनं लई घासलंस, राजा भिकेला लागला की!" नागेंद्र बायकोला हसला होता. त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांची उजवी मूठ मिटली. ती अजून उघडलेली नाही.

यंदा मंगलनं चिंच लावलीच नाही. नुसतं फडकं उलगडलं.

राजाचं डोकं बोडकं होतं.

"अहो, या की हिकडं."

"थांब गं. सकाळधरनं डोकं आवळल्यागत झालंय."

तिनं धावत जाऊन नवऱ्याचे केस मागं सारले. कपाळाभोवती लाल वळ होता.

तिच्या डोळ्यांदेखत तो जवाएवढा आत रुतला.